जलधीतलं एक शीत

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांच्या स्थानांची नावं दिली आहेत. सुरुवात एकापासून होते आणि पुढचं प्रत्येक नाव आधीच्या नावाच्या दसपट असतं. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व ही त्यातली नावं आपल्या कानांवरून गेलेली असतात. निखर्वाच्या पुढे महापद्म, मग शंकू आणि मग जलधी. जलधी म्हणजे एकावर चौदा शून्यं. कोटीला कोटीने गुणलं की येते ती संख्या. तिला थेट समुद्राचंच नाव मिळालं आहे.

रोजच्या व्यवहारात ही संख्या कधी गाठ पडेल असं मला वाटलं नव्हतं. ती भेटली आमच्या गावच्या झऱ्याच्या पाण्याच्या तपासणी अहवालात. त्यात ती छापलेली नव्हती. ‘ई. कोलाय, प्रति १०० मिलिलिटर’ असा एक रकाना होता आणि कागदाच्या तळाशी शेरा होता, ‘पिण्यास अयोग्य’. त्या रकान्याचा हिशेब मांडत बसलो आणि उत्तर बरोबर जलधी आलं.

ई. कोलाय हा माणसाच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात राहणारा जिवाणू. लांबी साधारण दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. आकारमान सुमारे एक घन मायक्रॉन. आता चहाच्या कपाएवढ्या, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्याचं आकारमान घन मायक्रॉनमध्ये मोजा: एकावर चौदा शून्यं. पिण्याच्या पाण्याचं आपलं राष्ट्रीय मानक, आयएस १०५००, सांगतं की १०० मिलिलिटरच्या कोणत्याही नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडकही तोच. म्हणजे जलधीतला एक हिस्सा जरी सापडला तरी पाणी नापास.

संख्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही, म्हणून तांदळाचा दाणा घेऊ. ई. कोलाय फुगवून सहा मिलिमीटर लांबीच्या तांदळाएवढा केला, म्हणजे तीन हजारपट मोठा केला, तर त्याच मापाने ते कपभर पाणी केवढं होईल? १३९ मीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशी टाकी. कोयना धरणाची भिंत सुमारे १०३ मीटर उंच आहे; ही टाकी त्याहून उंच, चाळीस मजली इमारतीएवढी. तिच्यात २७० कोटी लिटर पाणी मावेल. त्या पाण्यात तांदळाचा एक दाणा कुठेतरी तरंगतोय आणि प्रयोगशाळेला तो शोधायचा आहे.

तोही एकटा नसतो. जमिनीखालचं पाणी निर्जीव असतं असं आपण धरून चालतो, पण स्वच्छातल्या स्वच्छ भूजलातसुद्धा दर मिलिलिटरला हजारांपासून लाखांपर्यंत जिवाणू असू शकतात. मिलिलिटरला दहा हजार धरले तर झऱ्याच्या एका पेल्यातून वीस लाख जीव आपण सहज पिऊन जातो. ते खडकात, मातीत राहणारे, आपल्या वाटेला न जाणारे जीव. त्यांनी कुणाला काही होत नाही. आतड्यातून आलेला तो एक या लाखोंच्या गर्दीतून ओळखून काढायचा असतो.

तो डोळ्यांनी शोधत नाहीत, त्याला वाढवतात. पाणी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या गोल पडद्यातून ओढून घेतात. आपल्या तांदळाच्या मापात ही छिद्रं जेमतेम १.३५ मिलिमीटरची होतात, म्हणजे दाणा वरच राहणार. मग तो पडदा खाद्याच्या थाळीवर ठेवून ४४.५ अंशांच्या उबेत ठेवतात. ही ऊब निवडण्यामागे मोठी चतुराई आहे. मातीतल्या बहुतेक जिवाणूंना ती सोसत नाही. उबदार पोटात राहून आलेला मात्र तिथे मजेत वाढतो. खाद्यात दुधातली साखर असते, ती पचवणं हीदेखील त्याची खूण. वातावरण मनाजोगतं असेल तर हा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार करत आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट झाला की त्या एकाचे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ होतात आणि पडद्यावर रंगीत ठिपका उमटतो. जो एकटा असताना कुणालाही दिसला नसता, तो आता साध्या डोळ्यांनी बोटावर मोजता येतो. पाच ठिपके म्हणजे कपात पाच होते.

खाद्य कधीच संपलं नाही आणि वेग तोच राहिला, तर पूर्ण दिवसात त्या एका जिवाणूच्या वंशाचं वजन सुमारे ४,७०० टन भरेल. दहा टनी ट्रक लावले तर ४७० ट्रक. तसं होत नाही, कारण खाद्य संपतं. पण साथ एवढ्या झपाट्याने का पसरते, याचं उत्तर याच दुपटीत आहे.

‘कातळातून येणारं पाणी ते, त्याला कसली तपासणी?’ माझ्या काकांनी विचारलं होतं. प्रश्न चुकीचा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या गाव त्या झऱ्यावर जगलं. पाणी काचेसारखं नितळ, उन्हाळ्यातही गार, चवीला गोड. म्हणून मी त्यांच्यापुढे दुसरा हिशेब मांडला, आमच्याच विहिरीचा.

विहिरीचा व्यास पाच मीटर, पाणी तीन मीटर. म्हणजे सुमारे ५९,००० लिटर पाणी. त्यात एक ग्रॅम, फक्त एक ग्रॅम विष्ठा पडली असं धरा. त्या एका ग्रॅममध्ये सर्व प्रकारचे मिळून सुमारे शंभर अब्ज जिवाणू असतात. लीलावतीच्या भाषेत एक निखर्व. त्यातले ई. कोलाय दहा कोटींच्या घरात. हे सगळं पाण्यात नीट मिसळलं तर विहिरीतल्या प्रत्येक १०० मिलिलिटरला सुमारे १७० ई. कोलाय येतील. शंभराच्या वर आकडा गेला की ते पाणी सर्वाधिक धोक्याच्या गटात मोजलं जातं. एका ग्रॅमने पावणेसहाशे क्विंटलहून जास्त पाणी त्या गटात नेऊन बसवलं.

आणि डोळ्याला, जिभेला काय कळेल? एका लिटरला १७ मायक्रोग्रॅम, मिठाच्या एका बारीक कणाच्या एकतृतीयांशाहून कमी. रंग नाही, वास नाही, चव नाही. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे नितळपणाला काही अर्थच नाही?’ या बाबतीत खरोखरच नाही.

हा जिवाणू बहुतेक वेळा स्वतः रोग करत नाही. त्याला शोधायचं ते त्याच्याबरोबर कोण आलं असेल या भीतीने. विष्ठेची वाट पाण्यापर्यंत पोहोचली, एवढं तो सांगतो. त्याच वाटेने कॉलरा, टायफॉइड, हगवण, कावीळ येऊ शकतात, आणि आजारी पडायला किती जंतू लागतात हे प्रत्येक रोगात वेगळं असतं. निरोगी माणसाला पाण्यातून कॉलरा व्हायला कोट्यवधी जंतू पोटात जावे लागतात, कारण जठरातलं आम्ल बहुतेकांना मारतं. हगवणीच्या शिगेला जंतूंना मात्र दहा ते शंभर पुरतात. कॅम्पिलोबॅक्टरच्या एका प्रयोगात दुधातून घेतलेले पाचशे जंतू पुरले. नोरोव्हायरसचा एक अंदाज तर अठरा कणांचा आहे. त्याच्या रुग्णाच्या एका ग्रॅम विष्ठेत आजाराच्या ऐन भरात निखर्वभर कण असू शकतात. सगळेच कण रोग देण्याजोगे नसतात, तरी निखर्वाला अठराने भागून पाहा. साडेपाचशे कोटी. पृथ्वीवरच्या दर तीन माणसांतल्या दोघांना पुरेल एवढा ऐवज एका ग्रॅममध्ये.

‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. झऱ्याचं आणि विहिरीचं मूळ मात्र शोधावंच लागतं. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा. वाळूच्या थरांतून पाणी हळूहळू झिरपलं तर ते वाटेत गाळून निघतं. कण न्‌ कण जंतूंना धरून ठेवतो आणि प्रवासाला इतके दिवस लागतात की कित्येक जंतू वाटेतच मरतात. पाषाण तसा गाळत नाही. त्यात पाणी सांध्यांतून, भेगांतून धावतं. एक मिलिमीटरची भेग आपल्याला केसाएवढी वाटते, पण तांदळाच्या मापात ती तीन मीटर रुंदीचा रस्ता आहे. दाणा तिथून अडखळतही नाही. कोकणातल्या जांभ्यात तर पोकळ्याच पोकळ्या. सड्यावर पडलेला पाऊस खालच्या वाडीच्या झऱ्यातून बाहेर यायला फार काळ लागत नाही. सड्यावर गुरं चरत असतात, कुठे शोषखड्डा खणलेला असतो, कुठे उघड्यावर बसण्याची जागा असते. पावसाचा पहिला जोरदार लोंढा हे सगळं धुऊन भेगांत लोटतो. गावात गॅस्ट्रोची साथ पावसाच्या तोंडावर येते ती याचमुळे.

हे केवळ आपल्याकडचं दुखणं नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात वॉकरटन नावाचं गाव आहे, वस्ती जेमतेम पाच हजार. मे २००० मध्ये तिथे काही दिवस सलग जोराचा पाऊस झाला. गावाला पाणी पुरवणाऱ्या एका उथळ विहिरीजवळच्या शेतात शेणखत पसरलेलं होतं, आणि खालचा खडक भेगाळलेला. पाण्यात ई. कोलायचा एक घातक प्रकार, ओ१५७, आणि त्याच्या जोडीला कॅम्पिलोबॅक्टर उतरले. २,३०० माणसं आजारी पडली, जवळजवळ निम्मं गाव. सात जण दगावले. मला यातला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा मात्र चार हा वाटतो. १५ मे रोजी नमुने घेतले गेले, १७ मेला प्रयोगशाळेने पाणीपुरवठा पाहणाऱ्यांना पाणी दूषित असल्याचं कळवलं, आणि पाणी उकळून प्या ही सूचना लोकांना मिळाली २१ मेला. जलधीतलं शीत सापडलं होतं. चार दिवस ते कागदावरच राहिलं आणि लोक पाणी पीत राहिले.

सोळा वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थमध्ये हेच घडलं. पाऊस, मेंढ्यांची विष्ठा, भूजलाच्या बोअर, आणि १४,००० वस्तीच्या गावात साडेपाच हजारांहून अधिक आजारी. तिथलं पाणी इतकं चांगलं मानलं जाई की त्यात क्लोरिन टाकण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

आपल्या पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी या पट्ट्यात माणसांचे हातपाय अचानक लुळे पडू लागले. गियां-बारे नावाच्या या आजाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला आणि नांदेडगावची मोठी विहीर चर्चेत आली. कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झालेल्या साधारण हजारांतल्या एकाला हा आजार जडतो. त्या प्रमाणावरून विचार केला की लुळ्या पडलेल्या प्रत्येक माणसामागे नुसतंच पोट बिघडून बरी झालेली किती माणसं असू शकतील याची कल्पना येते. ती कोणत्याही यादीत येत नाहीत.

एवढं असूनही तपासणी म्हणजे सर्व काही नव्हे, आणि हे सांगितलं नाही तर माझं लिखाण अर्धवट राहील. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण भाताला लागू पडते, कारण पातेल्यातली सगळी शितं सारखीच शिजलेली असतात. पाण्यात जंतू असे सारखे पसरलेले नसतात. समजा, पाण्यात लिटरला सरासरी एक ई. कोलाय आहे. तर १०० मिलिलिटरचे शंभर नमुने घेतले असता नव्वदांत काहीच सापडणार नाही. नव्वद अहवाल म्हणतील ‘पिण्यास योग्य’, आणि दिवसाला दोन लिटर पाणी पिणाऱ्याच्या पोटात रोज सरासरी दोन जातच राहतील. दर १०० मिलिलिटरला एक असला, तरी शंभरांतले सदतीस नमुने कोरे निघतात.

त्यात काळाचा हिशेब मिळवा. मिनिटाला दहा लिटर देणारा आमचा छोटा झरा. दिवसाला १४,४०० लिटर, वर्षाला साडेबावन्न लाख लिटर. शंभर मिलिलिटरच्या बाटल्यांत मोजले तर सव्वापाच कोटी बाटल्या. नियमाप्रमाणे पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक अशी वर्षातून दोनदा अणुजैविक तपासणी होते. सव्वापाच कोटींतल्या दोन बाटल्या. त्यातली एखादी कोरड्या, शांत दिवशी भरली तर ती काय सांगणार? म्हणून नमुना केव्हा घेतला हे मला निकालाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

शिवाय चाळणीतून निसटणारेही आहेत. नोरोव्हायरस सुमारे ३० नॅनोमीटरचा. तांदळाच्या मापात तो पिठाचा कण. तांदळाच्या चाळणीत पीठ थांबत नाही. उलट बाजूला क्रिप्टोस्पोरिडियम हा पाच मायक्रॉनचा, त्याच मापात बोराएवढा. तो चाळणीत अडकतो, पण क्लोरिनला दाद देत नाही. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरिन असेल तर ई. कोलाय मिनिटाच्या आत मरतो. क्रिप्टो दहा दिवसांहून अधिक काळ तग धरतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तळ्याचं, शुद्धीकरण केंद्रातून आलेलं, क्लोरिन टाकलेलं पाणी पिऊन सुमारे ४,०३,००० लोक याच जीवाने आजारी पडले. तेव्हा ई. कोलाय नाही म्हणजे कोणीच नाही, असं समजू नये. तो आहे म्हणजे मात्र धोका नक्की आहे.

या सगळ्या अवाढव्य आकड्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती एक लहानशी बाटली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी १९८२ मध्ये कागदाच्या पट्टीची एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी, त्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबदार जागी ठेवून द्यायचं. विष्ठेबरोबर येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू करतात, तो पट्टीतल्या लोहाशी मिळतो आणि पाणी काळं पडतं. यंत्र नाही, वीज नाही, सूक्ष्मदर्शक नाही. ही चाचणी किती जंतू आहेत ते सांगत नाही आणि कधीकधी चुकतेही, पण न दिसणाऱ्याला रातोरात काळा रंग देते. हीच चाचणी आज देशभरातल्या खेड्यांत पोहोचली आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. देशात सहा लाख गावं धरली तर तीस लाख बायका. आमच्या वाडीतल्या एका वहिनींनी झऱ्याच्या पाण्याची काळी पडलेली बाटली घरोघर नेऊन दाखवली. माझे सगळे हिशेब एका बाजूला आणि ती बाटली एका बाजूला. काकांनी त्या दिवसापासून पाणी उकळायला लावलं. (काळी पडलेली बाटली तशीच ओतून देऊ नका. तिच्यात आता कोट्यवधी जंतू आहेत. ब्लीचिंग पावडर टाकून मगच ती दूर, खड्ड्यात रिकामी करा.)

जगात आज किमान १७० कोटी लोक विष्ठेने दूषित झालेल्या स्रोताचं पाणी पितात. जंतुदूषित पाण्यामुळे होणाऱ्या अतिसाराने वर्षाला सुमारे ५,०५,००० माणसं मरतात. दिवसाला १,३८४. दर मिनिटाला जवळजवळ एक. आणि आपल्या त्या ५९,००० लिटरच्या विहिरीला लागणारी चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर, ज्याला गावात टीसीएल म्हणतात, हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने दीडशे ग्रॅमसुद्धा भरत नाही.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या ग्रामपंचायतीला पाण्याच्या पाहणीत लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालं आहे ते विचारा, आणि शेवटचा अणुजैविक अहवाल कोणत्या तारखेचा आहे ते पाहा. झऱ्याच्या वरच्या अंगाला एकदा चालत जा. तिथे गोठा आहे का, शोषखड्डा आहे का, सांडपाणी मुरतंय का, ते डोळ्यांनी बघून या. टीसीएल टाकायला येणाऱ्या जलसुरक्षकाला अडवू नका, पाण्याला वास येतो म्हणून त्याच्यावर रागावू नका. आणि या पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस कोसळून गेला की त्याच आठवड्यात आपल्या विहिरीचा, झऱ्याचा, बोअरचा नमुना निर्जंतुक बाटलीत भरून, बर्फात ठेवून, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. अहवाल हाती येईपर्यंत पाणी उकळून प्या, आणि अहवाल आला की तो त्याच दिवशी पंचायतीच्या फळ्यावर लावायला सांगा.